अर्धी चिमूट

डॉक्टरीणबाईंनी ज्ञानदेवअण्णांचा रिपोर्ट मिटला. "प्रोस्टेटचा कॅन्सर भावासारखाच आहे, पण तो उपचार तुम्हाला चालणार नाही. मरायचा हुकूम न जुमानणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना जो विषाणू नवं जनुक नेऊन देतो, त्यालाच तुमचं रक्त वाटेत मारतंय. म्हणजे रक्ताला त्याची आधीच ओळख झालीय. याआधी तो तुमच्या अंगात कसा गेला?"

शेजारी बसलेला महिपती, धाकटा भाऊ, आपल्या बोटांकडं बघू लागला. वर्षापूर्वी तोच विषाणू टोचून तो बरा झाला होता. पंधरा दिवस कुणाला उष्टं देऊ नका, असं बजावलं होतं. त्यानं ताट-तांब्या वेगळा ठेवला. तंबाखू मात्र रोजच्यासारखी उष्ट्या बोटांनी मळून अण्णांना अर्धी दिली.

घरी येताच अण्णांनी हात पुढं केला. "मळ की."

"अण्णा, माझ्यामुळं..."

"तवाबी हात मीच पुढं केला हुता. मळ."