सातवीचा फोटो

अनंतरावांनी शाळेला तीनदा पत्र लिहिलं होतं, “वेबसाइटवरच्या फोटोंची वर्णनं घाला हो, आम्हा आंधळ्यांनाही शाळा पाहू द्या.” कॉम्प्युटरचा वाचून दाखवणारा आवाज तिथे नुसतं ‘फोटो, फोटो’ म्हणायचा. आज मात्र तो म्हणाला, “सातवीचा वर्ग, १९७२.”

सातवीत त्यांच्या बाकावर यासीन बसायचा. फळ्यावरचं सगळं कानात सांगायचा आणि मध्येच मास्तरांची एखादी गंमतही, वर बजावायचा, “हसू नकोस, अन्या.” अनंता खो खो हसायचा आणि छडी खायचा.

आवाज एकसुरात वाचत गेला, “पुढे खुर्चीत पेंडसे मास्तर. चेहरा कडक, पण कोटाची बटणं वरखाली लागलीत. हसू नकोस, अन्या.”

इतक्या वर्षांनी अनंतराव खो खो हसले. मग डोळे पुसता पुसता त्यांचा उजवा तळहात आपोआप पुढे झाला, छडीसाठी.