चौथ्या सेकंदाला उघडणारं दार

जाहिरात तिसऱ्यांदा संपली तरी काका काही बोलले नाहीत.

संकलनाच्या खोलीत चौघं होते. संकलक यंत्रापाशी बसला होता. या छोट्या जाहिरात कंपनीचे मालक, म्हणजे साहेब, दाराला टेकून उभे होते. जाहिरात जिनं लिहिली ती भिंतीशी उभी होती, हातात गार झालेला चहा. आणि मधल्या खुर्चीत साहेबांचे ड्रायव्हरकाका बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, डॉक्टरकडे बसावं तसे.

हा कंपनीचा जुना रिवाज. साबणाची असो की लसीकरणाची, कुठलीही जाहिरात बाहेर जाण्याआधी काकांना दाखवायची. काकांच्या गळी उतरलं की गावाच्या गळी उतरतं, असा साहेबांचा हिशोब. काका हाताशीही असायचे. रविवारीसुद्धा. ऑफिस बंद असलं तरी येऊन रिकाम्या वाहनतळात एकटेच गाडी पुसत बसायचे. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, असं सगळे म्हणत. काकांनी गाडीशी दुसरं लग्न लावलंय, अशी थट्टाही चालायची.

आजची जाहिरात जनहिताची होती. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांनाही एकमेकांशी कायद्यानं लग्न करता यावं, म्हणून झटणाऱ्या संस्थेची. चाळीस सेकंदांची. एक तरुण आपल्या जोडीदाराला घेऊन जिना चढतो, बेल वाजवतो. बाप दार उघडतो, दोघांकडे बघून हसतो आणि म्हणतो, "लग्न ठरवलंत, मग बाहेर कशाला उभे? आत या." मग पडद्यावर ओळ येते: लग्नाचा हक्क सगळ्यांना.

पाच वाजेपर्यंत ती वाहिनीकडे पोचायला हवी होती. काकांनी नाक मुरडलं तर दुसरी तयार होती. तिच्यात फुगे होते, हसरे चेहरे होते, फक्त लग्न हा शब्द नव्हता. साहेबांना मनातून तीच बरी वाटत होती.

जाहिरात लिहिणारीचा जीव मात्र पहिल्या जाहिरातीत अडकला होता. जाहिरात सोमवारी सातच्या बातम्यांत लागणार होती, आणि सातच्या बातम्या तिचे बाबा कधी चुकवत नसत. जिच्यासोबत तिला आयुष्य काढायचं होतं, त्या मैत्रिणीला तिनं शब्द दिला होता. जाहिरात लागेल तेव्हा मी बाबांच्या शेजारी बसलेली असेन, आणि ती संपली की तुझं नाव सांगेन. तीन वर्षं जिभेवर येऊनही गिळलेलं वाक्य ती या चाळीस सेकंदांच्या आधारानं बोलणार होती.

भिंतीवरच्या घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

"अजून एकदा लावता?" काका म्हणाले.

संकलकानं लावली. बेल वाजली तशी काकांनी मान खाली घातली. बाप हसला तेव्हाही ती वर झाली नाही. साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, दुसरी काढ.

"आवडली नसेल तर तसं सांगा, काका," ती म्हणाली. "कुणाला वाईट वाटणार नाही."

"हे असं नसतं, ताई."

तिनं कप खाली ठेवला.

"बेल वाजल्यावर बाप किती वेळानं दार उघडतो?" काकांनी विचारलं.

संकलकानं आकडे पाहिले. "चौथ्या सेकंदाला."

"इतक्यात नाही उघडत. आणि पोरगा एकदा बेल वाजवून थांबत नाही. दोनदा वाजवतो. मग कडीला पिशवी अडकवल्याचा आवाज येतो. मग जिना उतरल्याचा."

साहेब दारापासून सरळ झाले. "काका, सगळं चाळीस सेकंदांत बसवायचं असतं. बापानं वेळ घ्यायचा तरी किती?"

"माझी सहा वर्षं झाली, साहेब."

काका हातातल्या गाडीच्या किल्लीकडे बघत तुटक तुटक सांगत राहिले. मुलगा दर रविवारी अकराला येतो. त्याच्याबरोबर राहणारा तो खाली फाटकाशी थांबतो. सुरुवातीला काका दाराच्या आत उभे राहून सगळं ऐकायचे. पुढं ऐकवेना, म्हणून रविवारी घरात थांबणंच सोडलं. आता पिशवी शेजारीण काढून ठेवते.

ती खुर्चीवर बसली. आपण बापासाठी चार सेकंद धरले, कारण आपण कधी बेलच वाजवली नाही, हे तिला तेव्हा उमगलं.

"मग दुसरी पाठवू?" साहेबांनी हळूच विचारलं.

"हीच लावा. पण बाप इतका गुणी नको. आमच्यासारख्याला वाटेल, हा कोणी भलताच माणूस आहे. दार जरा बंद राहू दे."

"आणि शेवटी?" तिनं विचारलं. "उघडायचं?"

काकांनी मान वर करून पडद्याकडे बघितलं. "तेवढं ठेवा."

बाप दारामागे नुसता उभा असल्याचं दृश्य त्यांनी फार संथ म्हणून कापून टाकलं होतं. संकलकानं ते शोधून परत जोडलं. बेल दोनदा झाली. बापाचं वाक्य तिनं खोडलं आणि 'या' एवढंच ठेवलं. दार आता चौतिसाव्या सेकंदाला उघडत होतं. पाचला दहा कमी असताना जाहिरात वाहिनीकडे गेली. सोमवारी सांगायचं हे तिनं कायम ठेवलं. उत्तर सोमवारीच मिळेल, ही आशा तेवढी सोडली.

काका गाडी काढायला उठले. दारापाशी थांबले, आणि पाठमोरेच म्हणाले, "साहेब, या रविवारी मी इकडे येणार नाही."