मागच्या न्हाणीघरातला गीझर

दुरुस्तीवाल्यानं पुढच्या न्हाणीघरातल्या गीझरचं खालचं झाकण उघडलं आणि बादलीत खडे धबाधबा कोसळले. पांढरे, पिवळट, काही तर बोटाएवढे लांब.

"ताई, हा गीझर आहे की चुन्याची खाण?"

"खाणच आहे, दादा. आणि खाणकामगार मी," सून म्हणाली.

खोटं नव्हतं ते. या शहराच्या नळाला पाणी कसलं, पातळ केलेला दगडच यायचा. साबण झिजून जाई, पण फेस म्हणून धरत नसे. वाळलेले टॉवेल पुठ्ठ्यासारखे उभे राहत. पेल्यांवर पांढरे डाग, शॉवरच्या भोकांना बुचं, कंगव्यात मूठभर केस. किटलीत व्हिनेगर उकळायचं, तोट्या घासायच्या, कॉइल खरवडायची, सगळं तिच्याच वाट्याला.

"या पाण्यात वर्षाला बोटभर थर बसतो," दुरुस्तीवाला कॉइल झटकत म्हणाला. "खोड बघून झाडाचं वय सांगतात ना, तसं मी कॉइल बघून गीझरचं सांगतो."

"मग आता मागच्या न्हाणीघरातल्याचं सांगा. आणि तो कढत तापेल असं बघा. बाबांचा आहे तो."

तिचा सगळा जीव त्या मागच्या न्हाणीघरात अडकला होता. तीन हिवाळ्यांत सासऱ्यांना दोनदा न्यूमोनिया होऊन गेला होता. काल डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, "गार पाण्याचा थेंबही अंगाला लागायला नको. तिसरा झटका या छातीला सोसायचा नाही."

गार पाणी? ती चक्रावलीच. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मागे लागून तिनं बाबांसाठी वेगळा गीझर बसवून घेतला होता. रोज पहाटे त्यांच्या न्हाणीघराच्या दाराबाहेरच्या बटणाचा लाल दिवा लागे. स्वयंपाकघरातून तो दिसला की तिच्या जिवाला बरं वाटे. मग सासरे बाहेर येत ते लालबुंद होऊन. कान तर नुसते पेटलेले. "बाबा, किती कढत घेता! भाजून घ्याल एखाद्या दिवशी," ती म्हणे. ते हसत आणि आठवणीनं दिवा बंद करत. न्हाणीघरही आपलं आपणच धूत.

दुरुस्तीवाल्यानं खाली बादली ठेवून मागच्या गीझरचं झाकण उघडलं. पाणी आलं ते स्वच्छ. खडा तर सोडाच, कणसुद्धा नाही. त्यानं कॉइल बाहेर ओढली. आजच दुकानातून आणल्यासारखी चकचकीत.

सुनेचा चेहरा फुलला. "बघा! वस्तू वापरावी ती आमच्या बाबांनी. ह्यांना दाखवायलाच हवं हे. बाबा, अहो बाबा, इकडे या जरा! तुमचं कौतुक चाललंय."

आतल्या खोलीतून आधी खोकला आला, मग चपलांचा आवाज.

दुरुस्तीवाला हसला नाही. त्यानं कॉइलवरून अंगठा फिरवला. टाकीखाली वाकून बॅटरीचा झोत टाकला आणि तसाच वाकून राहिला.

"ताई, बसवून किती वर्षं झाली म्हणालात?"

"तीन."

"कितीही जपून वापरा, या पाण्यात कॉइल अशी राहत नाही. पाणी तापलं की थर बसणारच." तो चाचरला. "हा गीझर एकदाही तापलेला नाही."

"काहीतरीच काय! दिवा रोज लागतो. या डोळ्यांनी बघते मी."

"दिवा भिंतीवरच्या बटणाचा. वीज आली एवढंच तो सांगतो. तापवायचं ते इथून."

तिनं वाकून पाहिलं. टाकीखालचं गोल बटण शून्यावर होतं. त्यावर कारखान्यातून आलेली चिकटपट्टी आडवी, जशीच्या तशी. बसवणारा सांगून गेला होता, टाकी भरू द्या, उद्या पट्टी काढा आणि बटण फिरवा. "मी बघतो ते," सासरे म्हणाले होते.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तीन हिवाळे. पहाटेचं, हाडं गोठवणारं नळाचं पाणी. ते लाल कान.

सासरे दारात येऊन उभे होते. चोरी पकडली गेल्यासारखे.

"बाबा... का?"

त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला. अंगठ्याखालच्या जुन्या व्रणावरून बोट फिरवलं. ते बोट गार होतं.

व्रण त्याच दिवसाचा. बसवणारा सकाळी गेला आणि संध्याकाळी पुढच्या गीझरची कॉइल खरवडताना तिच्या हातातली सुरी सटकली. रक्तानं माखलेला हात धरून, फरशीवर बसून ती एकटीच रडली होती. "उद्यापासून असले दोन-दोन खरवडायचे! कुठून ही अवदसा आठवली मला!" घरात कुणी नाही असं समजून बोललेले शब्द ते.

"एकटा जीव तुझा. किती टाक्या खरवडणार होतीस, बाळ?" सासरे म्हणाले. खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी दाबली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईनं, समजूत घालावी तसं म्हणाले,

"पण तुला काळजी नको म्हणून दिवा मात्र रोज न चुकता लावत होतो गं."