एग्या बाइडूंची नजर

"फिफी! हुकावरचा हात काढ आधी!"

एग्या बाइडू खालून असे ओरडले की रस्त्याकडेला केंकी विकणाऱ्या मान्साच्या हातातला मक्याच्या पिठाचा गरम उंडा पुन्हा पातेल्यात पडला. वर, दिव्याच्या खांबाशी, गाडीच्या लांब लोखंडी हातानं उंच उचललेल्या ट्रॉलीत उभ्या असलेल्या फिफीनं दचकून हात मागं घेतला. कमरेच्या पट्ट्याचा हुक सोडून तो समोरच्या खिडकीकडं झुकणार होता.

खिडकी होती दवाखान्याची, बाळंतिणींच्या खोलीची. आत पहाटेपासून त्याची बायको कळा सोसत होती. आज इथलेच दिवे दुरुस्त करू म्हणून फिफीनंच हट्ट धरला होता. सकाळी मान्साकडून घेतलेलं केंकी त्यानं तोंडालाही लावलं नव्हतं.

आणि आत्ताच नर्सनं खिडकीतून हाक दिली होती, "एफुआ आली रे, एफुआ!"

शुक्रवारी जन्मलेली मुलगी ती एफुआ. फिफी स्वतःही शुक्रवारचाच. मग काय विचारता! टॅक्सीवाल्यांनी हॉर्नवर हॉर्न वाजवले. मान्सा तर पातेल्याभोवती नाचायलाच लागली.

"एग्या, ट्रॉली थोडी पुढं नेतो हो! तोंड तरी बघू द्या पोरीचं!"

"मधल्या तारा दिसत नाहीत का तुला? वीज आहे त्यांत. तिथनंच खाली ये. सावकाश."

इतक्यात नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ काचेशी धरलं. अख्खा रस्ता माना वर करून बघत राहिला. एग्या बाइडू तेवढे बघेनात. एक हात गाडीवरच्या, ट्रॉली थांबवायच्या लाल बटणावर, डोळे ट्रॉलीवर.

"अहो एग्या," मान्सानं डिवचलं, "मान वळवायला पैसे पडतात का? बघा तरी, कसलं गोड लेकरू आहे!"

"वर माणूस असताना मी दुसरीकडं बघत नाही."

"दगड आहात नुसते!"

ट्रॉली हळूहळू खाली सरकत होती. एग्यांनी घसा खाकरला. डोळे जिथल्या तिथंच.

"मान्सा, केस आहेत का गं तिच्या डोक्यावर?"

"हे बरंय! बघायचं नाही, आणि चौकशा मात्र हव्यात! आहेत, चांगले दाट आहेत."

"आणि रंग?"

"ते उद्या सांगते, केंकी विकत घेतलंत तर."

ट्रॉली टेकली. फिफीनं हुक सोडला, जमिनीवर उडी मारली आणि दवाखान्याच्या दाराकडं धूम ठोकली. एग्यांनी बटणावरचा हात काढला आणि पहिल्यांदा मान वळवली. खिडकीचा पडदा नर्सनं नुकताच ओढून घेतला होता.

"गेलं ना आता?" मान्सा हळहळली. "सगळ्या गावानं बघितलं, तुम्हीच तेवढे राहिलात."

एग्यांनी हेल्मेट काढलं. चेहरा घामानं निथळत होता, डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते. हेल्मेट मान्साच्या हातात कोंबून तेही दाराकडं पळत सुटले. या वयात!

"माझीच नात आहे ती, मान्सा!" त्यांनी पळता पळता ओरडून सांगितलं. "तिला आता रोज बघेन. पण तिचा बाप वर होता ना!"