नदीकडची खोली

उन्हाळा लागला की गरम पाण्याच्या कुंडांपायी आमच्या गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. मग आमचं अख्खं घर पाहुण्यांचं होतं आणि आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात पथारी पसरतो. त्या दिवशी नदीकडच्या खोलीत एक बाई यायच्या होत्या; बुकिंग त्यांच्या मैत्रिणीने फोनवरून केलं होतं. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर बॅग घेऊन आमची शहरातली लेक!

"अगं, आधी कळवायचंस ना! एक खोली मोकळी असेल तर शपथ. थांब, ओट्याजवळ तुझी गादी घालते."

"नदीकडची खोली माझीच आहे, आई."

"डोकं फिरलंय का? आईच्या घरी कुणी भाडं भरून राहतं?"

"मागच्या उन्हाळ्यात आले तेव्हा 'जरा सरक' आणि 'बादली आण' याखेरीज काय बोललीस माझ्याशी? पाहुण्यांना मात्र रोज चहा नेऊन देतेस, झोप लागली का विचारतेस."

मला रागच आला. सीझनमध्ये मला मरायला फुरसत नसते, हे हिला ठाऊक नाही? पण भाडं भरलंय म्हटल्यावर चहा न्यायलाच हवा. सकाळी ट्रे घेऊन गेले आणि सगळ्यांना विचारते तसंच विचारलं, "झोप लागली ना नीट?"

"नाही," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याने मला असं उत्तर दिलं नव्हतं. खालून कुणीतरी टॉवेलसाठी हाका मारत होतं. मी दार आतून लावून घेतलं.