शेवटची तपासणी

"झालं. सुटलात तुम्ही," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "आता वर्षातून एकदा मॅमोग्राफी करा आणि घराजवळच्या डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडे यायची गरज नाही."

मुलीने खुर्चीतूनच वडिलांना फोन लावला.

पडद्यामागे आई ब्लाउजचे हुक लावत होती. शेवटच्या हुकाशी तिची बोटं थांबली.

"डॉक्टर, डाव्या काखेत दुखतंय."

डॉक्टर परत पडद्याआड गेले. "कुठे? इथे?"

"हो."

"आणि इथे?"

"तिथेही."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

हाताला काहीच लागत नव्हतं. पण कॅन्सर त्याच बाजूला होता, म्हणून त्यांनी स्कॅन लिहून दिला.

"बाबा, नंतर करते," मुलगी फोनवर म्हणाली. आई बाहेर आली तेव्हा ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती.

आई तिच्या शेजारी बसली. थोडा वेळ ती चेन बघत राहिली. मग तिने स्कॅनचा कागद उचलून डॉक्टरांपुढे सरकवला.

"दुखत नाहीये."

"म्हणजे?"

"काहीच दुखत नाहीये. तुम्ही सुटलात म्हणालात आणि मी घाबरलेच. पाच वर्षं तुम्ही तपासून 'काही नाही' म्हणायचात, की पुढचे काही दिवस मला झोप लागायची. आता कोण म्हणणार?"

"आई! खोटं बोललीस? माझा जीव गेला असता इथे!"

"हो गं. चुकलंच."

डॉक्टर चिडले नाहीत. "वरच्या मजल्यावर समुपदेशक बसतात. उपचार संपलेल्या बायका येतात त्यांच्याकडे."

"तिथे काय तपासतात?"

"काही नाही. बोलतात."

"मग ते परत आलंय की नाही, कळणार कसं?"

"ते तिथेही कळत नाही. न कळता घरात कसं वावरायचं, ते बघतात."

"एवढी काही वेडी नाही झाले मी."

"पहिल्या दिवशी प्रत्येक बाई हेच म्हणते."

मुलगी खाली बघूनच म्हणाली, "मी रोज दुपारी ऑफिसातून फोन करते ना, भाजी काय आणू म्हणून? ते भाजीसाठी नसतं. तुझा आवाज कसा येतोय ते ऐकायला असतं."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं.

"तरीच. फ्रीजमध्ये तीन फ्लॉवर पडलेत."

डॉक्टरांनी फोन उचलला. "एक पेशंट वर पाठवतोय," ते म्हणाले, आणि टेबलापलीकडे पाहून थांबले. "नाही, थांबा. दोघी आहेत."