कुड्याची चव
स्वयंपाकघराचं दार लोटून वत्सलाने लेकीची एक कॅप्सूल फोडली आणि आतली पूड जिभेवर टाकली.

आतड्याला सूज येऊन वर्षभर रक्त पडत होतं. तन्वीची पार काडी झाली होती. सगळ्या औषधांनी हात टेकले, तेव्हा या नव्या औषधाच्या चाचणीत नाव लागलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, “निम्म्यांना कुड्याच्या सालीचा अर्क, निम्म्यांना नुसतं पीठ. कुणाला काय, आम्हालाही ठाऊक नसतं. गुण आला नाही, तर आतडं काढावं लागेल.”

माहेरी पोट बिघडलं की कुड्याचा काढा ठरलेला. नुसत्या आठवणीनेही वत्सलाचं तोंड कडू व्हायचं. आज मात्र जिभेवर काहीतरी गोडसर विरघळलं.

पीठच!

“आई!” भिंत धरत तन्वी दारात आली. कितीतरी दिवसांनी हसत होती. “आज पाचच वेळा संडासला गेले गं. लागू पडतंय! अगं, चव बघतेस की काय? कशी आहे?”

वत्सलाने तोंड वेडंवाकडं केलं.

“कडूजहर आहे मेलं!”

डोळ्यांतलं पाणी तिला लपवावं लागलं नाही.